निखाडेबाईंची परतीची हजेरी

ओल्या कोळशाचा वास आला की मला आजही आधी चीड येते आणि मग, थोड्या अंतराने, डोळ्यांत पाणी. हा क्रम कधी उलटा झालेला नाही. नागपूरच्या इतवारी स्टेशनावरून सुटणाऱ्या छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीचा तो वास होता. पाणी मारलेला कोळसा, तापलेलं तेल, खिडकीच्या लाकडी चौकटीत मुरलेली जुनी धूळ आणि चाळीस मुलींनी एकाच वेळी सोललेल्या संत्र्यांच्या साली. त्या वासाच्या मधोमध, इंजिनाकडे पाठ करून, निखाडेबाई बसलेल्या असत. मांडीवर निळ्या कापडी पाठीची लांबट वही आणि खळ दिलेल्या सुती पातळाखाली, खेळाच्या तासाला मुली घालतात तसले, पांढरे कॅन्व्हासचे बूट. सरळ तोंड करून बसा, मळमळेल, असं मी दर वर्षी सांगत असे. त्या दर वर्षी एकच उत्तर देत. "पुढचं तर येतेच वं. गेलेलं दिसलं पाहिजे."

गोमती निखाडे इतवारीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. मी तिथे मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा चोविशीची होते, नुकतीच एम.ए. झालेली, आणि माझ्या पर्समध्ये कायम एक कवितेची वही असे. बाईंनी पंचेचाळिशी ओलांडली होती. वर्गात त्यांची मराठी छापील पुस्तकासारखी असे. वैनगंगा ही गोदावरीच्या खोऱ्यातील एक महत्त्वाची नदी होय, असं त्या एकही स्वर न ढळू देता सांगत. वर्गाचा उंबरठा ओलांडला की तीच जीभ घरच्या अंगणात यावी तशी मोकळी होई. शाळेची वार्षिक सहल ही त्यांची मक्तेदारी होती, कारण चाळीस मुलींची जबाबदारी अंगावर घ्यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. सोबत एक दुसरी शिक्षिका लागे. इतर शिक्षिकांना लहान मुलं होती, सासवा होत्या, पाठदुखी होती. मला यांपैकी काहीच नव्हतं. अशी मी नऊ वर्षं त्या सहलीला जुंपली गेले.

मला पचमढीला जायचं होतं. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण माझ्या चिडीचं मूळ तिथे आहे. धुक्यात बुडालेली साल वृक्षांची रांग, कड्यावरून सुटणारं पाणी, थंडीत कानाच्या पाळ्यांना येणारी झिणझिणी, हे सगळं मी न पाहताच पाठ करून ठेवलं होतं. त्यावरच्या कवितेचं शीर्षकसुद्धा तयार होतं, फक्त पचमढी तेवढी पाहायची राहिली होती. दर वर्षी ऑगस्टात शिक्षकांच्या खोलीत मी पचमढीचं नाव काढी, मुख्याध्यापिका मान डोलावत, मुली टाळ्या वाजवत, आणि निखाडेबाई चहाची बशी खाली ठेवून अत्यंत सौम्यपणे विचारत, "पचमढीले पाहाले लोक आहेत न वं. भिवापूरले कोण पाहून राहिलं?"

भिवापूरला खरोखरच कुणी पाहत नव्हतं.

पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला कामठीला नेलं. नागपूरहून दहा मैलांवरच्या कामठीला, जिथे निम्म्या मुलींच्या मावश्या राहत होत्या आणि जिथून काही मुली रोज शाळेत येत. पालकांनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत येऊन विचारलं की कामठी ही काय सहलीची जागा आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही गेला आहात? हो, पन्नास वेळा. मग विणकरांच्या गल्लीत कोणाचा माग कोणत्या हातानं जास्त चालते ते सांगा. पालक पाय आपटत निघून गेले, आणि मला आठवतं, त्यांच्याइतकीच मीही वैतागले होते. पुढच्या वर्षी खापरखेडा. तिथे जाऊन वीजघर पाहायचं नाही, कामगारांच्या वसाहतीतल्या बायकांना भेटायचं. राखेचा एक पातळ थर घेऊन वाळणारे कपडे, चुलीवरची आंबाडीची भाजी आणि दूरवर धूर सोडणारी, आमच्याकडे ढुंकून न पाहणारी ती चिमणी. वीजघर आम्ही मागच्या बाजूने पाहिलं, एखादा मोठा माणूस पाठमोरा जाताना पाहावा तसं.

बाईंचा नियम एकच होता आणि तो मोडला जात नसे. सहलीहून येताना कुणी काही विकत आणायचं नाही, प्रत्येक मुलीने त्या गावातला एक माणूस आणायचा. म्हणजे एका अनोळखी माणसाशी बोलायचं, त्याचं नाव आणि त्याचं काम समजून घ्यायचं, आणि परतीच्या गाडीत ते सांगायचं. गाडी सुटली की बाई ती निळी वही उघडत. सगळीकडे हजेरीला मुली 'हजर' म्हणतात. इथे उलटं होतं. बाई मुलीचं नाव घेऊन विचारत, "कोण?" मुलगी आपला माणूस सांगे. मग बाईंचा दुसरा प्रश्न येई, ज्याला मुली घाबरत. "त्यानं तुले काय विचारलं?" त्याचं उत्तर पटलं तर बाई स्वतः म्हणत, "हजर," आणि चौकटीत बारीक अक्षरात त्या माणसाचं नाव लिहीत.

दुसरा प्रश्न कशासाठी, असं मी एकदा विचारलं. नाव-गाव तर मुली सांगतातच. बाईंनी माझ्याकडे, नकाशावर चुकीची नदी दाखवणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. "डोंगर तुले काही विचारत नाही. माणूस विचारते. त्यानं काहीच विचारलं नसन तर तू त्याले भेटली नाही, नुसती पाहून आली."

कन्हानला एक मुलगी रिकाम्या हाताने परतली. कुसुम तिचं नाव, लाजाळू, वर्गातही कधी हात वर न करणारी. तिचं नाव आल्यावर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, मला कोणी भेटलं नाही. गाडी सुटायला उशीर होत होता म्हणून बाईंनी त्या दिवशी हजेरी फलाटावर उभ्या गाडीतच सुरू केली होती. बाईंनी वही मिटली, माझ्या मांडीवर ठेवली, कुसुमचा हात धरला आणि दोघी खाली उतरल्या. शिट्टी झाली, गाडी सुटली. फलाटावर पांढऱ्या बुटांतली ती ठेंगणी आकृती कुसुमला काहीतरी समजावत नळाकडे नेत होती, आणि मी एकोणचाळीस मुली, एक वही आणि संताप घेऊन नागपूरकडे चालले होते. कुसुमच्या वडिलांनी मला स्टेशनावर जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. दोन तासांनी दोघी बसने आल्या. कुसुमचा चेहरा उजळला होता. तिला स्टेशनावर पाणी भरणारा म्हातारा भेटला होता आणि त्याने तिला विचारलं होतं, तू जेवलीस का. वडील आणखी काही बोलणार, एवढ्यात ती स्वतःहून त्यांना त्या म्हाताऱ्याबद्दल सांगू लागली. तिला एवढं बोलताना तिच्या वडिलांनीही बहुधा प्रथमच ऐकलं असावं.

याने मी विरघळले असं कुणी समजू नये. पुढच्याच वर्षी भिवापूर आलं. अंगणभर लाल मिरच्यांचा सडा, त्यावरून येणारा गरम, टोचरा वास, आणि देठं खुडत बसलेल्या बायका. माणसाशी बोलायचं तर त्याच्या कामाला हात लावायचा, असा बाईंचा नवा विचार. चाळीस मुली दिवसभर मिरच्या खुडत बसल्या. परतीला चाळीस जोडी हात खिडक्यांबाहेर वाऱ्यावर धरलेले, आणि हजेरी शिंकांमधून झाली. मी चेहऱ्यावर चुकून हात फिरवला होता. एक डोळा मिटून मी बाईंना म्हणाले, आता तरी पुरे करा. त्या आपल्या लाल झालेल्या बोटांवर फुंकर घालत म्हणाल्या, "जेवताना आठवन तुले ते अंगण." दुर्दैवाने ते खरं आहे. आजही आठवतं.

मग पवनी आली, आणि माझी चूक.

पवनी रोड स्टेशनावरून बसने गावात जावं लागे. वैनगंगेच्या काठचं जुनं गाव. मातीचा तट, त्याच्या कुशीत कोरडा खंदक, अरुंद गल्ल्यांत लांबच लांब ताणलेलं सूत आणि नदीकडे उतरणारे घाट. जानेवारीची सकाळ होती. माझं डोकं दुखत होतं, असं मी बाईंना सांगितलं आणि घाटाच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. पाण्यावर धुकं होतं. अगदी मला हवं तसं, पचमढीतून उसनं आणल्यासारखं. ओल्या दगडाचा गारवा पातळातून वर चढत होता, कुठेतरी कपडे आपटल्याचा आवाज येई आणि नदीपलीकडे जाऊन परत येई. मी तिथे चार तास बसले. कविता झाली नाही. एकाही माणसाशी बोलले नाही. मला कोणी काही विचारलं नाही, कारण मी वर पाहिलंच नाही.

परतीच्या गाडीत चाळीस नावं झाली. बाईंनी वही मिटली नाही. एक्केचाळिसावं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने नवं लिहिलं होतं. इतकी वर्षं आली, आता तीही आपल्यातली, असं मुलींना सांगून त्यांनी हाक मारली. "वसुधा. कोण?"

चाळीस माना वळल्या. माझ्याजवळ काही नव्हतं, आणि 'कोणी नाही' म्हणायला लागणारं धैर्य कुसुमकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. मी म्हणाले, सोनबा. आणि मग शब्द आपोआप येत गेले. घाटावर जाळी सांधणारा आंधळा सोनबा. पहाटे नदीत हात घालतो आणि पाणी बोटांमधून जाऊ देत सांगतो, आज वर भंडाऱ्याच्या घाटावर किती माणसं न्हाली. सणाचं पाणी जड लागतं म्हणे त्याला, आणि कुणी गेलं असेल त्या दिवशीचं पाणी मुकं.

बाईंनी चष्मा काढला. दुसरा प्रश्न त्यांनी मला विचारलाच नाही. शिक्षिकेची उलटतपासणी मुलींसमोर करायची नसते, एवढा मान त्या राखत. हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "हजर." मग नाव लिहिता लिहिता थांबल्या. "इतक्या वर्षांत मले नाही भेटला वं असा माणूस."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी अभिमान वाटला. न झालेली कविता अखेर झाली होती, आणि तिला एवढा चांगला श्रोता मिळाला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बाईंचा चेहरा उन्हाने काळवंडलेला होता. त्या पवनीला जाऊन आल्या होत्या. एकट्या. सोनबा भेटला नाही. "माझीच चुकी. मी घाटावर उशिरा गेली." मग त्यांनी चौकशी सुरू केली. कोणता घाट, पिंपळाच्या अलीकडचा की पलीकडचा, दाढी होती का, जवळ काठी होती का. मी कंटाळून म्हणाले, पलीकडचा. मी म्हणाले, दाढी नव्हती. मी त्याला एक तपकिरी कुत्रं दिलं, एक फुटकी पायरी दिली, आणि दर तपशिलागणिक तो माणूस अधिक खरा आणि माझी सुटका अधिक कठीण होत गेली. दिवाळीच्या सुट्टीत त्या पुन्हा गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, कुत्रं दिसलं. मी संतापाने आणि शरमेने वह्या तपासायला घेतल्या. कुत्रं कुठल्याही घाटावर दिसतं.

शेवटी मी त्याला मारून टाकायचं ठरवलं. एका दुपारी डबा खाताना अगदी सहज म्हणाले, म्हातारा होता हो बाई, गेलाही असेल आता. बाई घास हातात धरून विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "गेला असन तरी घर असन न त्याचं. घरच्यांले भेटून येईन." मला रडू आलं. वैतागाचं रडू होतं ते, पण बाईंना वाटलं की मला सोनबाचं वाईट वाटतंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतका राग मला आयुष्यात कोणत्याही स्पर्शाचा आला नव्हता.

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं की ही शेवटची सहल बाई म्हणतील तिथे जाईल आणि पुढच्या वर्षीपासून शाळा पचमढीला जाईल. बाईंनी एक गाव शेवटच्या सहलीसाठी कधीपासून राखून ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं. मार्कंडा. तिथे वैनगंगा उलटी, उत्तरेकडे, वळते ते मुलींना दाखवायचं, असं त्या नेहमी म्हणत. म्हणून त्यांनी पवनीचं नाव घेतलं तेव्हा मी हातातलं टाकून त्यांच्यामागे गेले. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि मार्कंड्याची आठवण करून दिली. त्या हसल्या.

"मार्कंडा कुठं पळून नाही चालला. चाळीस पोरी आहेत आपल्यापाशी, ऐंशी डोळे. सोनबा कुठं जाईन?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. इतवारी स्टेशनावर सांगायला हवं होतं. उमरेड आलं, भिवापूर आलं, मिरचीचा वास डब्यात शिरून निघूनही गेला, आणि मी खिडकीला डोकं टेकून बसून राहिले.

पवनीत मुली पांगल्या. आंधळा, जाळी सांधणारा, तपकिरी कुत्रं, फुटकी पायरी. या चार खुणा चाळीस तोंडांनी त्या लहानशा गावात अशा पसरल्या की तासाभरात सारं गाव कामाला लागलं. एक विणकर माग सोडून उठला. चहावाल्याने भांडं उतरवून ठेवलं. त्या गावाने आपला एक माणूस हरवला आहे हे आमच्याकडूनच प्रथम ऐकलं, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. दुपारपर्यंत घाटावर तीन म्हातारे आणून बसवले गेले.

पहिल्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसरा ठणठणीत होता. कुणी तरी शोधत आहे हे कळताच तो आपणहून आला होता. दुसरा पूर्वी मासे मारी, पण त्याला माझ्याइतकंच नीट दिसत होतं. तिसरा खरा आंधळा, विणकर, नदीला कित्येक वर्षांत न उतरलेला. त्याला दोन मुलींनी धरून शेवटच्या पायरीपर्यंत नेलं. बाई त्याच्या शेजारी पांढऱ्या बुटांसकट पाण्यात उभ्या राहिल्या आणि अत्यंत आदराने म्हणाल्या, "बाबाजी, जरा हात घालता का पाण्यात?" म्हाताऱ्याने हात घातला. बोटं पाण्यात हलवून पाहिली. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "थंड आहे, बाई."

बाई पदराने त्याचा हात पुसत होत्या. मीही उतरले आणि तिथेच, गुडघाभर पाण्यात, त्यांना सगळं सांगितलं. सोनबा नाही, कुत्रं नाही, पायरीही माझीच. मी त्या दिवशी नुसती बसून होते.

त्या हात पुसतच राहिल्या. बोटं एकेक करून कोरडी केली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "त्या दिवशी कोणीच नाही बोललं तुझ्याशी?"

मी नाही म्हणाले.

"दिवसभर?"

दिवसभर.

बाई वळून तिघा म्हाताऱ्यांना म्हणाल्या की आमच्याकडून चुकी झाली, असा माणूस नाही, तुम्हाला उगीच त्रास दिला. मला वाटलं आता ते तिघे मला बोलतील आणि बोललेलं बरंच होईल. मोतीबिंदूवाल्याने टोपी सारखी केली. "तो नसन तर नसन," तो म्हणाला. "आम्ही तर आहो न, बाई."

निखाडेबाईंनी तेव्हा प्रथम माझ्याकडे पाहिलं. त्या चिडलेल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर शीण होता, दोन सुट्ट्यांचा, उन्हातल्या दोन फेऱ्यांचा आणि मार्कंड्याचा. "ऐकलं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि तिघांच्या मधे जाऊन पायरीवर बसल्या.

परतीच्या गाडीत हजेरी झाली. पंधरा-सोळा मुलींनी त्या तिघांतलाच कुणी ना कुणी आणला होता, आणि तिघांनीही मुलींना पुष्कळ काही विचारलं होतं. बाईंनी प्रत्येकीला हजर म्हटलं. मग मागची पानं उलटून त्यांनी सोनबाच्या नावावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली. नवं पान काढलं. "वसुधा. कोण?"

मी अर्धा दिवस माझं खोटं राखत आणि उरलेला तोंड लपवत फिरले होते. हात कोरडा करून घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, कोणी नाही. मुली खाली पाहू लागल्या. बाईंनी लेखणीला टोपण लावलं. "राहू दे रिकामं. घाई नाही," त्या म्हणाल्या, आणि इंजिनाकडे पाठ करून मागे जाणारी झाडं पाहू लागल्या.

निवृत्तीनंतर त्या उमरेडला पुतण्याकडे राहायला गेल्या. जाताना वही सोबत नेली. सहल माझ्याकडे आली, आणि मी मुलींना पचमढीला नेलं. धुकं होतं. साल वृक्ष होते. कड्यापाशी सहा शाळांची रांग होती, आणि आमचा नंबर आला तेव्हा मागून कुणी तरी लवकर आटपा म्हणत होतं. परतीला मी सवयीने एका मुलीला विचारलं, कोण? तिने गोंधळून स्वतःचं नाव सांगितलं. ती कविता मी कधीच लिहिली नाही. आणि या गोष्टीसाठीही मी निखाडेबाईंवर मनातल्या मनात पुष्कळ चिडले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी पचमढी बिघडवून ठेवली होती.

मग बरीच वर्षं गेली, जशी नोकरीत जातात. एका हिवाळ्यात बाईंच्या पुतण्याचं कार्ड आलं की आत्याबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि मधूनमधून तुमचं नाव घेतात. मी निघाले. पण उमरेडला उतरले नाही. गाडीतच बसून राहिले, तशीच पुढे पवनीला गेले.

सोनबासारखं तिथे कुणी भेटलं नाही, हे मला आधीच लिहू द्या. बसस्टँडच्या कडेला तुळशीराम नावाचा माणूस मोठ्या भांड्यात शिंगाडे उकडत बसला होता. त्याची बोटं शिंगाड्याच्या काळ्या रंगाने कायमची काळवंडली होती आणि वाफेला तळ्यातल्या चिखलाचा, गोडसर, किंचित कुबट वास होता. त्याचे गुडघे दुखत. त्याचा जावई आळशी होता. पाऊणेक तास तो गुडघे आणि जावई यांच्यापलीकडे गेला नाही, आणि त्याच्या एकाही वाक्याची मला कविता करता आली नसती. पण मी बसून राहिले, आणि या वेळी वर पाहत राहिले. शेवटी पळसाच्या पानावर शिंगाडे ठेवता ठेवता त्यानेच मला काहीतरी विचारलं, आणि त्याला उत्तर द्यायला मला तासभर लागला.

दुसऱ्या दिवशी मी उमरेडला गेले. बाई पंधरवड्यानंतर वारल्या, पण त्या दिवशी अजून शुद्धीवर होत्या. पुतण्याच्या घरामागूनच छोटी लाईन जात होती आणि खोलीत तोच ओल्या कोळशाचा वास होता. पांढरे बूट खाटेखाली जोडून ठेवलेले होते. बाई खूप लहान दिसत होत्या. पुतण्याने कानाशी वाकून माझं नाव सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण उशीकडे हात नेला. वही उशीखाली होती. त्यांना ती पेलवेना, म्हणून मी ती काढून माझं पान उघडलं. चौकट रिकामी होती.

"वसुधा," त्या म्हणाल्या. आवाजाचा नुसता काठ उरला होता. "कोण?"

तुळशीराम, मी म्हणाले. पवनीच्या बसस्टँडवर शिंगाडे उकडतो. गुडघे दुखतात. जावई आळशी आहे. एवढंच. याहून जास्त काही नाही, बाई.

त्या ऐकत राहिल्या. बाहेरून एक मालगाडी गेली, खिडकीचं तावदान बारीक थरथरलं आणि थांबलं. मला वाटलं त्यांना झोप लागली. मग ओठ हलले, आणि त्यांनी मला तो प्रश्न विचारला जो त्या दिवशी चाळीस मुलींसमोर माझा मान राखून विचारला नव्हता.

"त्यानं तुले काय विचारलं?"

मी सांगितलं. त्याने विचारलं, तुम्ही एकट्याच काहून आल्या, बाई? तुमच्यासोबत कोणी नाही का? आणि मी त्याला सांगितलं, नऊ वर्षं माझ्यासोबत एक बाई येत होत्या, पांढरे बूट घालून, आणि मी सारा वेळ त्यांच्यावर वैतागलेली असायची.

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू असेल. त्यांनी एक बोट उचलून वहीच्या दिशेने नेलं, मी लेखणी उघडेपर्यंत तसंच धरून ठेवलं, आणि मग, कोणतीही घाई न करता, म्हणाल्या,

"हजर."